माड-ताडांचे अभ्यासक फादर ब्लॅटर

मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) १९०३ साली मुंबईत आले, तेव्हा त्यांची गुरुदीक्षा व्हावयाची होती. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा पाया घातला.

माड, ताड, पोफळ, शिंदी ही आपल्या वाड्यांतील परिचित झाडे. अभ्यासकाला मात्र ती अवघड. इतर वनस्पतींची डहाळी कागदावर दाबून वाळवता येते. माडाची एकच झावळी माणसाहून लांब, आणि फुलोरा थेट शेंड्याला! त्यामुळे या कुळाचे पुरे नमुने संग्रहांत क्वचितच आढळत. फादर ब्लॅटर यांनी १९१० पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात याच कुळावर लेखमाला लिहिली. मध्यंतरी धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी ते युरोपात गेले आणि धर्मगुरू होऊन १९१५ साली परतले. महायुद्धामुळे जर्मन येशूसंघीयांना मुंबई सोडावी लागली होती. महाविद्यालयाचा भार उरलेल्यांवर आला. १९१९ साली ते प्राचार्य झाले. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. १९२६ साली ब्रिटिश हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवर्गीय वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

धर्मगुरूने वेदी सांभाळावी, विज्ञान इतरांनी, असा समज आपल्यात अजूनही आढळतो. फादर ब्लॅटर यांनी दोन्ही व्रते एकाच निष्ठेने पाळली. झेवियर्समधील तो संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दारचा माड आपण रोज पाहतो. त्याच्याकडे अभ्यासूपणे पाहणाऱ्या या धर्मगुरूचे स्मरण आपण ठेवावयास हवे.