मंडालेच्या तुरुंगातला मधुमेह: लोकमान्य टिळक

घरातल्या मधुमेही माणसाला तुरुंगात जावे लागले तर त्याच्या पथ्याचे काय? लोकमान्य टिळकांपुढे हा प्रश्न सहा वर्षे रोज उभा होता.

त्याआधी १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. तुरुंगातल्या जेवणात कांदा-लसूण असे, तो त्यांना चालत नसे. मग कोरडी भाकरी पाण्यात भिजवून खायची. वजन झपाट्याने घटले.

२२ जुलै १९०८ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तोवर मधुमेह जडलेला होता. पुढे शिक्षा साध्या कैदेत बदलून त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेला नेण्यात आले. कोठडी लाकडी फळ्यांची. उन्हाळा आणि थंडी दोन्ही थेट आत येत.

त्या काळी इन्शुलिन नव्हते, साखर कमी करणाऱ्या गोळ्याही नव्हत्या. उपचार एकच, आहार. टिळकांना स्वयंपाकासाठी एक कैदी मिळाला आणि भात-गव्हाऐवजी जवाच्या पिठावर भर देता आला. जवातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे हा बदल योग्यच होता. माझ्या मते, ते इतकी वर्षे तगले त्यात या स्वयंपाक्याचा वाटा मोठा आहे. (वय आणि पुढची वर्षे पाहता त्यांचा मधुमेह टाइप २ असावा.)

आज तुरुंगात औषधे देता येतात, पण ती कोणती हे तिथल्या डॉक्टरांना कळले पाहिजे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. आजार, गोळ्या आणि इन्शुलिनचे डोस तेव्हाच सांगावेत. नातेवाइकांनी प्रिस्क्रिप्शनची प्रत वकिलांकडे द्यावी. इन्शुलिन घेतल्यावर जेवण उशिरा आले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे. सोबतच्या कैद्यांनाही ती माहीत असावीत.

मंडालेत टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. जून १९१४ मध्ये ते पुण्याला परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत तापाच्या आजारात त्यांचे निधन झाले. इन्शुलिनचा शोध लागला तो पुढच्याच वर्षी, टोरांटोत.