हुजैलच्या तंबूंत इमाम शाफई (रह.)

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे इमाम शाफई (रह.) यांच्या मस्लकाचे पालन करतात. त्यांच्या फिक्हविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते फिक्ह ज्या भाषाज्ञानावर उभे राहिले, त्याविषयी फारसे नाही.

मुहम्मद बिन इदरीस हे त्यांचे नाव. जन्म हिजरी १५० (इ.स. ७६७) मध्ये गाझा येथे झाला. वंश कुरैशांचा, पण घरी दारिद्र्य. पितृछत्र बालपणीच हरपले आणि माता त्यांना घेऊन मक्केस आली. उस्तादांना देण्यास तिच्यापाशी काही नव्हते; उस्ताद उठून गेले की हा मुलगा इतर मुलांना शिकवी, तेच त्याचे शुल्क. कागद परवडत नसे, म्हणून जनावरांच्या हाडांवर तो धडे लिहून ठेवी.

पवित्र कुरआन मुखोद्गत झाल्यावर ते मक्केच्या परिसरात राहणाऱ्या हुजैल कबिल्याकडे गेले. मक्केत देशोदेशींचे लोक येत आणि बोलीत भेसळ होई. हुजैलची अरबी मात्र निर्मळ मानली जाई. तेथे ना वर्ग होता, ना पुस्तक. कबिल्याचा तळ हलला की तेही निघत, त्यांच्यातच मुक्काम करीत, त्यांच्या कविता कंठस्थ करीत, तिरंदाजीही शिकत. कित्येक वर्षे अशी गेली. पुढे अस्मईसारख्या थोर भाषापंडिताने हुजैलच्या कविता या तरुणाकडून तपासून घेतल्या. वयाने वडील असलेल्या पंडिताला त्यात कमीपणा वाटला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

ते कवीच व्हायचे. परंतु अशी बुद्धी फिक्हच्या कामी यावी, असे एका हितचिंतकाने सुचविले. ते मदीनेस इमाम मालिक (रह.) यांच्यापुढे जाऊन बसले; ‘मुवत्ता’ त्यांना आधीच पाठ होता.

वाळवंटातील त्या वर्षांचे मोल ‘अर्-रिसाला’ या त्यांच्या ग्रंथात दिसते. तलाक झालेल्या स्त्रीची इद्दत कुरआनने तीन ‘कुरू’ ठरविली आहे. अरबीत या शब्दाचा अर्थ मासिक पाळीही होतो आणि दोन पाळ्यांमधील पाकीचा काळही. हनफी फिक्हने पहिला अर्थ स्वीकारला. शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा, साठविण्याचा अर्थ आहे, असे दाखवून इमाम शाफईंनी दुसरा अर्थ स्वीकारला. शब्द एकच, पण त्यामुळे इद्दत संपण्याचा दिवस बदलतो. म्हणजे रुजू करण्याची मुदत आणि त्या स्त्रीस पुन्हा निकाह करता येण्याचा दिवसही. म्हणूनच प्रत्येक मुस्लिमाने आपल्या कुवतीप्रमाणे अरबी शिकावी, असे त्यांनी आग्रहाने मांडले आणि फिक्ह सांगू पाहणाऱ्यावर तर त्याची जबाबदारी अधिकच ठेवली.

बगदादनंतर अखेरची वर्षे त्यांनी मिसरमध्ये काढली. ‘सीरत’कार इब्ने हिशाम तेथेच होते, ते भाषेच्या बाबतीत इमामांचा शब्द प्रमाण मानत. हिजरी २०४ च्या रजब महिन्यात फुस्तात येथे इमामांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते.