संत जेरोम यांचे स्वप्न

नाताळच्या दिवशी सर्व ख्रिस्ती जगाचे चित्त बेथलेहेम या लहानशा गावाकडे धाव घेते. प्रभू येशूचा जन्म ज्या गुहेत झाला असे परंपरा मानते, त्या गुहेलगतच एका विद्वान संन्याशाने आपल्या आयुष्याची अखेरची चौतीस वर्षे ग्रंथलेखनात घालविली. त्यांचे नाव संत जेरोम. बायबलच्या लॅटिन भाषांतराचे कर्ते म्हणून ते विख्यात आहेत; परंतु आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ती कथा त्यांना तरुणपणी पडलेल्या एका भयंकर स्वप्नाची.

स्वप्नातून जीवनाला वळण मिळणे ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु ते स्वप्न कृपेचे होते. जेरोम यांच्या वाट्यास आले ते फटक्यांचे.

इ. स. ३४७च्या सुमारास डाल्मेशिया व पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन येथे, एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते रोमला गेले आणि तेथे डोनाटस या नामांकित वैयाकरणाच्या हाताखाली लॅटिन वाङ्मयात पारंगत झाले. सिसेरोचे गद्य, व्हर्जिलचे काव्य, प्लॉटसची नाटके यांनी त्यांना वेड लावले. बाप्तिस्माही त्यांनी रोममध्येच घेतला. पुढे वैराग्य उत्पन्न झाले. घरदार, आईवडील, बहीण, इतकेच नव्हे तर सुग्रास भोजनाची सवयही सोडून ते पूर्वेकडे निघाले. (भोजनाची सवय सोडणे हे नातलग सोडण्याहून कठीण गेले, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आम्हांस ही कबुली फार मोलाची वाटते.) एक गोष्ट मात्र सुटली नाही. रोममध्ये मोठ्या कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह त्यांनी बरोबर घेतला होता.

तेथून अंतर्यामीचे द्वंद्व सुरू झाले. उपवास करावा आणि लगेच सिसेरो उघडावा. रात्रभर जागून गतपापांसाठी अश्रू ढाळावेत आणि मग प्लॉटस हाती घ्यावा, असा त्यांचा क्रम चाले. इब्री संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचू लागावे तर त्यांची भाषा खडबडीत वाटे आणि मन विटे. दोष आपल्या दृष्टीचा असता ते सूर्याला बोल लावीत होते, हे त्यांना पुढे उमगले.

इ. स. ३७४च्या सुमारास सीरियातील अंत्युखिया नगरात ते असताना, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, त्यांना ज्वराने गाठले. देह अस्थिपंजर झाला. छातीत तेवढी धुगधुगी उरली होती आणि भोवतालची माणसे अंत्यविधीच्या तयारीस लागली होती. अशा अवस्थेत त्यांना दिसले की आपल्याला ओढून एका न्यायासनापुढे उभे केले आहे. तेथे इतका प्रखर प्रकाश होता की भूमीवर पडलेल्या जेरोम यांना मान वर करण्याचे धैर्य होईना. तू कोण, अशी पृच्छा झाली. आपण ख्रिस्ती आहोत, असे त्यांनी सांगितले. त्यावर न्यायाधीशाने त्यांना खोटे ठरविले: हा सिसेरोचा अनुयायी आहे, ख्रिस्ताचा नव्हे, कारण जेथे माणसाचे धन असते तेथेच त्याचे मनही असते. मग फटक्यांची आज्ञा झाली. पण फटक्यांहून सदसद्विवेकाचा दाह अधिक असह्य होता. अखेर न्यायासनाभोवती उभ्या असलेल्यांनी गुडघे टेकून या तरुणासाठी क्षमा मागितली. आणि जेरोम यांनी शपथ घेतली की ऐहिक ग्रंथ पुन्हा जवळ बाळगीन वा वाचीन, तर मी तुला नाकारले असे समज. डोळे उघडले तेव्हा ते अश्रूंनी इतके भरले होते की पाहणारे चकित झाले.

या स्वप्नाचा अर्थ त्यांनी कसा लावला, हे पाहण्याजोगे आहे. ज्वराचा भ्रम म्हणून त्यांनी ते झटकून टाकले नाही. खांद्यांवर वळ उमटले होते आणि जागे झाल्यावरही ते दुखत होते, असे त्यांचे सांगणे होते. शकुन-अपशकुन म्हणूनही त्यांनी त्याकडे पाहिले नाही. न्यायाधीशाच्या मुखी शुभवर्तमानातील धन आणि मन यांविषयीचे येशूचेच वचन होते, म्हणून स्वप्नाचा अर्थ त्यांनी त्या वचनाच्या प्रकाशात लावला. मृत्यूनंतर जी झडती व्हावयाची ती आपली आधीच झाली, असे त्यांना वाटले. लवकरच ते काल्किसच्या वाळवंटात तपाचरणास गेले आणि मनाला आवर घालण्यासाठी ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्यापाशी इब्री भाषा शिकू लागले. लॅटिनच्या माधुर्याला सरावलेल्या जिभेला ते कंठ्य उच्चार किती जड गेले असतील! कितीदा त्यांनी तो अभ्यास सोडला आणि पुन्हा धरला. व्हल्गेट भाषांतराचे मूळ या कष्टांत आहे.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगतो. ३८२ ते ३८५ ते रोममध्ये होते आणि तेथे त्यांनी पोप डमासस यांचे साहाय्यक म्हणून काम केले. तेथेच ३८४ मध्ये युस्टोकियम या तरुणीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वप्न प्रथम सविस्तर कथन केले. ३८६ मध्ये ते बेथलेहेमला स्थायिक झाले. युस्टोकियमची आई पॉला हिने आपल्या संपत्तीतून तेथे मठ व यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. या मायलेकी इब्रीही शिकल्या. हिंदुस्थानातूनही संन्यासी तेथे येतात, असा उल्लेख जेरोम यांच्या एका पत्रात आहे.

पण शपथेचे काय झाले? जेरोम यांचा बालमित्र रुफिनस पुढे त्यांचा प्रतिपक्षी झाला. इ. स. ४०१च्या सुमारास त्याने जाहीर आरोप केला की हा गृहस्थ ख्रिस्तापुढे घेतलेली शपथ मोडून मठातील मुलांना व्हर्जिल शिकवितो आणि सिसेरोच्या ग्रंथांच्या प्रती करवून घेतो. जेरोम यांचे उत्तर मोठे तिखट होते. शपथ पुढील काळाची होती, आधी शिकलेले मनातून पुसणार कसे? शिवाय स्वप्नातील वचन माणसाला बांधते काय? आपण स्वप्नात कितीदा मेलो आहोत आणि पर्वत-समुद्रांवरून उडालो आहोत. आता उडूनही दाखवावे काय? संदेष्ट्यांनीही स्वप्नांवर विसंबू नये असेच बजावले आहे, हेही ते सांगून गेले.

या उत्तरात वकिली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या स्वप्नाचे वळ युस्टोकियमला दाखविले, ते रुफिनसपुढे एकाएकी हवेत विरून कसे गेले? जेरोम यांचा स्वभाव कोपिष्ट होता आणि त्यांची लेखणी मित्रालाही सोडीत नसे. तथापि धर्मग्रंथांचा आधार त्यांच्या दोन्ही भूमिकांना आहे. मरियेच्या योसेफाला स्वप्नातच आदेश मिळाले; तर लोकांना देवापासून दूर नेणाऱ्या स्वप्नद्रष्ट्याचे ऐकू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. स्वप्न आपल्याला कोठे नेते, यावर त्याची परीक्षा होते. जेरोम यांना त्याने कोठे नेले, ते बेथलेहेममधील त्यांच्या ग्रंथांच्या राशीवरून दिसतेच. ऐहिक विद्येविषयी त्यांनी ३९७च्या सुमारास एका रोमन विद्वानास लिहिलेले पत्र आम्हांस अधिक समाधानकारक वाटते. युद्धात हाती आलेल्या स्त्रीचे केस व नखे काढून मगच तिच्याशी विवाह करावा, असा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक आहे. त्याचा दाखला देऊन, परक्या विद्येलाही शुद्ध करून देवाच्या घरी आणता येते, असे त्यांनी तेथे म्हटले. सिसेरोपाशी कमावलेली भाषाच अखेर त्या खडबडीत संदेष्ट्यांच्या सेवेस लागली.

इब्रीवरून जुन्या कराराचे भाषांतर ४०५च्या सुमारास पूर्ण झाले. पॉला त्यापूर्वीच, ४०४ मध्ये निवर्तली होती. ४१० मध्ये रोम लुटले गेले आणि काल श्रीमंतीत लोळणारी माणसे भिक्षापात्र घेऊन बेथलेहेमच्या दारी आली, तेव्हा जेरोम यांनी लेखणी बाजूस ठेवून त्यांची व्यवस्था पाहिली. ३० सप्टेंबर ४२० रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांना जन्मगुहेजवळच पुरण्यात आले. आजही यात्रेकरू त्या मंदिराच्या तळघरात उतरले की जेरोम यांची खोली म्हणून एक दगडी गुहा त्यांना दाखविली जाते.