विश्लेषण : जुन्या गाडीचे सस्पेन्शन बदलताना कॉलिन चॅपमन आजही का आठवतात?

जुनी पण दमदार गाडी हाती आली, की इंजिनाच्या आधी सस्पेन्शनचे काम निघते. बुशचे रबर चिरलेले असते, शॉकअॅब्सॉर्बर गळत असतो आणि खड्ड्यातून गेले की पुढून खडखड ऐकू येते. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे कडक स्प्रिंग टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. लोटस या ब्रिटिश कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर याच्या उलट केले. स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी वळणावर चिकटवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याची किंमतही मोजावी लागली आणि ती अनेकदा इतरांनी मोजली.

सुरुवात कुठून झाली?

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधील रिचमंडचा. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकताना कॉलिन मित्रासोबत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करू लागले. १९४७ मध्ये खासगी गाड्यांसाठीचे पेट्रोल रेशन बंद झाले आणि जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला. नुकसान सोसून माल विकला, तरी एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिचे रूप पालटून १९४८ मध्ये पहिली लोटस तयार झाली.

त्या काळच्या स्वस्त गाड्यांचा पुढचा अॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड दांडा. एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते. १९५२ च्या लोटस मार्क ६ साठी चॅपमन यांनी फोर्डचा असा अॅक्सल मधोमध कापला आणि दोन्ही अर्धे भाग बिजागरीसारखे बसवले. दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होऊ लागली. त्याच वर्षी वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात लोटस इंजिनीअरिंग सुरू झाली. भांडवलासाठी पैसे हेझल यांनी उसने दिले. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

मऊ स्प्रिंगचे गणित काय?

सस्पेन्शनमध्ये तीन कामे वेगवेगळी असतात. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअॅब्सॉर्बर तिचे उसळणे थांबवतो आणि आर्म व बुश चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात. त्या वेळच्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये चासीच लवचिक असे. म्हणून स्प्रिंग कडक करून वेळ मारून नेली जाई. सपाट रस्त्यावर ते चालते. खडबडीत रस्त्यावर मात्र चाक उडते, आणि हवेतल्या टायरला पकड कुठली?

चॅपमन यांनी चासी ताठ केली, स्प्रिंग मऊ ठेवली, चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा दिली आणि शॉकअॅब्सॉर्बरवर बारीक काम केले. १९६२ ची लोटस इलान हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. मध्ये पोलादी कण्यासारखी चासी, वर फायबरग्लासची बॉडी आणि वजन ७०० किलोच्या आसपास. पुढे याच गाडीपासून प्रेरणा घेऊन माझदाने एमएक्स-५ बनवली.

त्यांची दुसरी सवय म्हणजे एका भागाकडून दोन कामे करून घेणे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. तसाच स्ट्रट चॅपमन यांनी मागच्या चाकांना लावला. त्याला चॅपमन स्ट्रट म्हणतात. १९५७ मध्ये सादर झालेल्या एलिटमध्ये तर चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्टच खालच्या आर्मचे कामही करत असे. एक आर्म वाचला, वजन घटले. पण शाफ्टचा जॉइंट झिजला, की चाकाची दिशाही ढिली पडणार.

आज इलानचे मालक काय बदलतात?

सगळ्यात जास्त चर्चा होते ती इलानच्या ड्राइव्हशाफ्टवरील रबरी कपलिंगची. ही जाड रबरी कडी पीळ खाते, त्यामुळे क्लच सोडताना गाडी हिसके देते. जुने रबर चिरले तर प्रकरण धोक्याचे होते. म्हणून अनेक जण तिथे सीव्ही जॉइंटचे शाफ्ट बसवतात. हा बदल मला पटतो, कारण त्याने चाकाची चाल बिघडत नाही. विशबोनच्या रबरी बुशऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश टाकण्याबाबत मात्र हात आखडता घ्यावा. स्टिअरिंग नेमके वाटते, पण रस्त्याचा हादरा आणि आवाज थेट आत येतो. त्यावर कडक स्प्रिंगही टाकली, तर इलानची खासियतच गेली. जुन्या गाडीत आधी नवे रबर आणि ठीक चालणारे शॉकअॅब्सॉर्बर बसवून, अलाइनमेंट करून ती चालवून पाहावी. पुष्कळदा कमतरता डिझाइनमध्ये नसून झिजेतच असते.

हलकेपणाची किंमत कोणी मोजली?

इंजिनीअरिंगला मशीन डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टीसाठी आम्ही डोळे झाकून ४ घ्यायचो. चॅपमन यांना असे जास्तीचे वजन खपत नसे. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग कॉलम तुटले. टेलर यांनी कंपनीला कोर्टात खेचले आणि खटला जिंकला.

तरीही उत्तम ड्रायव्हर लोटसकडे येत राहिले, कारण गाडी जिंकायची. जिम क्लार्क यांनी १९६३ आणि १९६५ ची फॉर्म्युला वन विजेतेपदे लोटसमधून मिळवली. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला क्लार्क गेले. चॅपमन यांनी जवळचा मित्र गमावला.

पुढच्या वर्षी स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग मोडले. ते विंग थेट सस्पेन्शनवर उभारलेले होते. जखमी योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाडीचे नाजूक भाग मजबूत करण्याची विनंती केली. १९७० ची लोटस ७२ आणखी धाडसी होती. चाकांवरचे वजन कमी व्हावे म्हणून पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या आत नेले आणि शाफ्टने चाकांना जोडले. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झाच्या सरावात त्यातलाच एक शाफ्ट तुटला आणि रिंट यांचा मृत्यू झाला. इटलीतील चौकशीत ट्रॅकच्या नीट न बसवलेल्या कठड्यावरही ठपका आला. त्या हंगामाचे विजेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळाले. असे विजेते फॉर्म्युला वनमध्ये तेच एक.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेती विजेते झाले, ते लोटस ७९ मधून. ही गाडी तळाखालच्या हवेच्या जोरावर रस्त्याला चिकटे, पण त्यासाठी सस्पेन्शन दगडासारखे कडक ठेवावे लागे. मऊ स्प्रिंगचा पुरस्कार करणारा माणूस स्वतःच्याच शोधात अडकला होता. १९८१ मध्ये त्यांनी लोटस ८८ ला दोन चासी दिल्या. एक हवेचा दाब पेलणारी कडक, दुसरी ड्रायव्हरसाठी मऊ. नियमांवर बोट ठेवून ती शर्यतीबाहेर काढण्यात आली.

त्याच सुमारास लोटसने विकसित केलेल्या डीलोरियन गाडीच्या प्रकल्पातील पैसे गायब झाल्याचे प्रकरण तापू लागले. चौकशी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच १६ डिसेंबर १९८२ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. कंपनीचे हिशेब पाहणारे फ्रेड बुशेल यांना पुढे १९९२ मध्ये तुरुंगवास झाला.

कडक की मऊ, हा निर्णय हायड्रॉलिक्स आणि संगणकावर सोपवणारे अॅक्टिव्ह सस्पेन्शन त्यांच्या हयातीतच लोटसमध्ये आकाराला येत होते. १९८३ च्या हंगामाच्या सुरुवातीला नायजेल मॅन्सेल यांनी ते शर्यतीत चालवले. १९८७ मध्ये आयर्टन सेना यांनी मोनॅकोची शर्यत जिंकली, ती याच सस्पेन्शनच्या लोटसमधून.