कै. दादासाहेब खापर्डे यांचे विलायतेहून स्वदेशागमन

आमच्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पूर्वजाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे चरित्र सादर करताना आम्ही त्यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावर अधिक रेंगाळणार आहोत. भातकुली व अमरावतीकडील आपल्या सभासद कुटुंबांतून आज असे घर विरळाच, ज्यातील मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे नाही. कोणी तेथेच स्थिरावतात, कोणी परततात. आणि परतणाऱ्याला मागे राहणाऱ्यांचा निरोप घेताना काय वाटते, हे आता आपल्याला घरोघरी ऐकू येते. दादासाहेबांनी असा निरोप सन १९१० मध्ये घेतला.

दादासाहेबांचा जन्म १८५४ साली गणेशचतुर्थीस झाला. गणेश हे नाव त्यावरूनच पडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, १८८४ मध्ये कायद्याची परीक्षा उतरले, काही वर्षे वऱ्हाडात सरकारी न्यायखात्यात राहिले, आणि १८९० मध्ये ती नोकरी सोडून अमरावतीस वकिली करू लागले. संस्कृताचा गाढ व्यासंग, इंग्रजीवर प्रभुत्व, आणि भर सभेत प्रतिपक्षालाही हसावयास लावील अशी विनोदबुद्धी हे त्यांचे विशेष होत. उत्पन्न मोठे होते आणि खर्च त्याहून मोठा. दारी पाहुण्यांचा राबता अखंड असे, आणि तो सांभाळण्याचा सारा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर असे. लोक दादासाहेबांना वऱ्हाडचे नबाब म्हणत. हे कौतुक होते की टोमणा, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असावे. १८९७ मध्ये अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९०७ च्या सुरतेच्या गोंधळातही ते लोकमान्यांच्या बाजूस ठामपणे उभे होते.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, १५ ऑगस्ट रोजी, दादासाहेब विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलात दाद मागावी, पार्लमेंटातील सभासदांच्या भेटी घ्याव्यात, आणि कसेही करून मित्राची सुटका करावी, एवढा एकच हेतु. वय चोपन्न वर्षांचे. चांगली चाललेली वकिली आणि भरले घर मागे. समुद्रगमनाचा वाद आपल्या समाजात त्या काळी पुरता शमलेला नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. आजच्या हिशेबाने हा त्याग मोजता येणार नाही. पण मित्रासाठी भर प्रपंचातून उठून जाणारे गृहस्थ त्या काळीही फारसे नव्हते.

३१ ऑगस्टला ते विलायतेस पोहोचले. प्रिव्ही कौन्सिलाने अपिलाची परवानगी नाकारली. ज्या कामासाठी ते गेले, ते काम कायद्याच्या अंगाने तेथेच संपले होते. तरीही ते परतले नाहीत. आणखी कोणते दार ठोठावता येईल याचा शोध घेत दोन वर्षे लंडनात राहिले.

या दोन वर्षांत त्यांच्याभोवती जो गोतावळा जमला, तो सर्वस्वी वेगळा होता. बिपिनचंद्र पाल तेथे होते, काही काळ लाला लजपतराय होते, आणि हायगेट भागातील इंडिया हाऊसमध्ये विनायकराव सावरकरांभोवती जमलेले, विशी-पंचविशीतील तरुण होते. डिसेंबर १९०८ मध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची राष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष दादासाहेब होते. अमरावतीच्या बाररूममधील हा पगडीधारी वकील परदेशातील पोरक्या मंडळींना वडीलधारा वाटला असल्यास नवल नाही. सर्वांची मते मात्र एक नव्हती. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलींना गोळी घातली. चार दिवसांनी त्याच कॅक्स्टन हॉलमध्ये निषेधाची सभा झाली. सावरकर एकटे विरोधास उभे राहिले. दादासाहेब त्या सभेस होते. यावरून त्यांना पुढे दूषणे देणारे निघाले. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. मंडालेच्या तुरुंगातील मित्राचा खटला ज्याच्या हाती होता, त्याला प्रत्येक शब्द तोलूनच टाकावा लागत होता.

ऑगस्टात धिंग्रांना फाशी झाली. इंडिया हाऊस मोडले. मार्च १९१० मध्ये सावरकर व्हिक्टोरिया स्टेशनावर पकडले गेले, आणि १ जुलैला त्यांना बोटीवर चढवून हिंदुस्थानात रवाना करण्यात आले. मार्सेल्सच्या बंदरातील त्यांची उडी सर्वांस ठाऊकच आहे. लजपतराय त्यापूर्वीच परतले होते. दादासाहेबांनी निघण्याचे ठरविले तेव्हा मंडळी अशी पांगलेली होती.

१५ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी लंडन सोडले. त्याच महिन्यात मुंबईस सावरकरांवरील खटला सुरू झाला. दादासाहेबांचे परतणे हे पराभव घेऊन परतणे होते. दोन वर्षांनंतरही मित्र मंडालेसच होता. परंतु त्यांना परतता तरी येत होते. तेथे राहिलेल्यांपैकी कित्येकांना तेही शक्य नव्हते. बिपिनचंद्र लंडनातच राहिले; १९११ मध्ये ते स्वदेशी आले, आणि मुंबईस पाऊल टाकताच त्यांना अटक झाली. पॅरिसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा होते, मादाम कामा होत्या. घरी परतणाऱ्याने अशांना रामराम करावयाचा, तो कोणत्या तोंडाने? पुन्हा भेटू असे म्हणावे, तर ते खोटे ठरण्याचाच संभव अधिक.

येथे आम्हांस आपल्या भातकुलीची आठवण होते. आपले गाव म्हणजेच पुराणातील भोजकट, अशी परंपरा आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले तेव्हा बहिणीस परत आणल्याविना कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रुक्मी निघाला. पराभूत झाला, आणि प्रतिज्ञेमुळे घरी न जाता त्याने भोजकट वसविले. कौंडिण्यपूर येथून फार दूर नाही. तरी त्याला ते कायमचे अंतरले. आमच्या गावाची स्थापनाच मुळी परत न जाऊ शकलेल्या माणसाने केली, असे लहानपणी वडील मंडळी सांगत. दादासाहेबही हरले होते, पण रुक्मीची प्रतिज्ञा त्यांनी केलेली नव्हती.

तथापि ते थेट घरी आले नाहीत. मुंबईची वाट सोडून त्यांनी रंगूनची वाट धरली. १६ ऑक्टोबरला ते रंगूनला पोहोचले आणि २२ ऑक्टोबर रोजी मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांना भेटले. ज्याच्यासाठी दोन वर्षे घालविली, त्याला काही साधले नाही हे समक्ष सांगितल्यावाचून अमरावतीचे तोंड पाहावयाचे नाही, असेच जणू त्यांनी ठरविले होते. निकाल पत्राने कळविता आला असता; अशी पत्रे लिहिणे सोपेही असते. त्या वेळी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आपल्या कोकणात रत्नागिरीस बंदिवासात होता, आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच्या मंडालेत! दोघांचीही घरे सरकारने जणू अदलाबदल करून टाकली होती. या भेटीनंतर थोड्याच दिवसांनी, नोव्हेंबरात, लोकमान्यांनी गीतारहस्याच्या लेखनास आरंभ केला. सुटकेची आशा मावळली तेव्हा हात लेखणीकडे वळला, असे कोणी म्हणेल. आम्ही तसा दावा करीत नाही. तारखा तेवढ्या जवळजवळ आहेत.

२७ ऑक्टोबरला दादासाहेब कलकत्त्यास उतरले आणि ५ नोव्हेंबर १९१० रोजी अमरावतीस घरी आले. लक्ष्मीबाईंनी दोन वर्षांहून अधिक काळ ते घर एकटीने सांभाळले होते. चरित्रे लिहिणारे त्यांच्याविषयी एखाद-दुसरे वाक्य लिहून पुढे जातात. आम्हीही त्याच दोषाचे धनी आहोत.

महिन्याभरात, डिसेंबरात, ते शिर्डीस साईबाबांच्या दर्शनास गेले, आणि पुढील वर्षी तेथे कित्येक महिने राहिले. त्या मुक्कामाची रोजनिशी प्रसिद्ध आहे. वकील, राजकारणी, विनोदी वक्ता असा हा गृहस्थ पहाटेच्या काकड आरतीस बसलेला तीत दिसतो.

१९१४ च्या जूनमध्ये लोकमान्य सुटून पुण्यास आले. मग होमरूलची चळवळ, वरिष्ठ कायदेमंडळातील सभासदत्व, आणि १९१९ मध्ये शिष्टमंडळातून पुन्हा विलायत. या वेळी टिळक स्वतःच लंडनात होते! पुढील वर्षी १ ऑगस्टला ते निवर्तले. त्यानंतरचे असहकाराचे राजकारण दादासाहेबांना मानवले नाही, व ते हळूहळू बाजूस पडले. १९२८ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या.

पॅरिसच्या मंडळींचे काय झाले, हेही सांगावयास हवे. श्यामजी १९३० मध्ये जिनिव्हास वारले. त्यांच्या अस्थी स्वदेशी यावयास २००३ साल उजाडावे लागले. मादाम कामा १९३५ मध्ये, राजकारणात पडणार नाही असे लिहून दिल्यावर, विकलांग अवस्थेत मुंबईस आल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. दादासाहेबांचे देहावसान १ जुलै १९३८ रोजी झाले.