मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी

लहानपणी ज्यांच्या वाट्याला मेकॅनोची पेटी आली, ते भाग्यवान. भोकाभोकांच्या हिरव्या-तांबड्या पट्ट्या, पितळी दातेरी चाके, मूठभर नट-बोल्ट. एवढ्या भांडवलावर सकाळी क्रेन उभी राही आणि संध्याकाळी तिचीच मोटार होई. ही पेटी निर्माण करणारे फ्रँक हॉर्नबी इंजिनिअर नव्हते, हे कळल्यावर आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना जरा धीर येतो. ते होते एका व्यापाऱ्याच्या पेढीवरचे हिशेबनीस.

त्यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी झाला. वडिलांचा किराणा व धान्याचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते त्याच धंद्यात रोखपाल म्हणून बसले. १८८७ साली क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडील वारले, धंदा बंद झाला आणि हॉर्नबींना डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरावी लागली. दिवसभर खतावणी आणि रात्री घरी पत्रा, कात्री, कानस असा त्यांचा क्रम होता.

ही खटपट होती आपल्या मुलांसाठी. पत्रा कापून ते त्यांना पूल, गाड्या, क्रेन करून देत. पण प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे. क्रेन करायची तर सगळे पुन्हा नव्याने कापायचे आणि पुलाचे तुकडे पडून राहायचे! हिशेबनिसाच्या डोळ्याला ही उधळपट्टी खुपली असावी, असे मला आपले वाटते. त्यांनी ठरवले की पट्टी अर्धा इंच रुंद करावी आणि तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखी भोके पाडावीत. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येईल. शोध म्हणाल तर एवढाच. पण त्यामुळे खेळणे काय असावे हे ठरवण्याचा अधिकार बनवणाऱ्याच्या हातून खेळणाऱ्याच्या हाती गेला.

पेटंटसाठी गाठीला पैसे नव्हते. मालक एलियट यांनीच पाच पौंड उसने दिले. १९०१ साली पेटंट मिळाले आणि एलियट भागीदारही झाले. पहिली काही वर्षे ओढगस्तीची गेली. १९०६ साली प्रथम नफा दिसला. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले गेले. १९०८ साली कंपनी स्थापन होताना मात्र एलियट बाजूला राहिले. पाच पौंडांचा तो सावकार तेव्हा थांबता तर? असो. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. पुढे हॉर्नबी लक्षाधीश झाले आणि १९३१ ते १९३५ पार्लमेंटचे सभासदही होते.

मोटारीच्या वेडाची या पेटीने चांगलीच सोय केली. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग असलेली मोटारीची चासी मुले मेकॅनोतून बांधू लागली. १९३०च्या दशकाच्या आरंभी खास मोटारींचा संच निघाला. त्यातले मडगार्ड, रेडिएटर, मागचा भाग यांची अदलाबदल करून एकाच पेटीतून शर्यतीची किंवा सहलीची मोटार करता येई. चित्रात नसलेली मोटार करायलाही कोणाची बंदी नव्हती. १९५८ साली अमेरिकेतील एएमटी कंपनीने एकाच संचातून तीन तऱ्हांची मोटार होईल असे प्लॅस्टिकचे संच काढले. दोन-तीन पेट्यांचे भाग एकत्र करून आपली स्वतःची मोटार घडवणे हा छंद पुढे बराच फोफावला. पण तिथे प्लॅस्टिक कापावे, घासावे, चिकटवावे लागते. एकदा कापलेले पुन्हा सांधत नाही. मेकॅनोची मोटार फसली तर पाना घेऊन सोडवायची, इतकेच.

गंमत अशी की, त्याच हॉर्नबींच्या कारखान्यातून १९३४ साली ‘डिंकी’ या नावाने ओतीव धातूच्या चिमुकल्या तयार मोटारी बाहेर पडल्या. त्या देखण्या होत्या, खपल्याही भरपूर. पण त्या फक्त चालवायच्या. सोडवून पाहायची सोय नाही. मला तरी हे पाऊल मागे पडल्यासारखे वाटते, मग हिशेबाच्या वहीत काहीही जमा झालेले असो.

त्याच वर्षी मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी सुमारे वीस पौंडांच्या मेकॅनोतून गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. पोरांच्या पेटीतली चाके आणि दांडे अणूच्या रचनेचे गणित करू लागले!

२१ सप्टेंबर १९३६ रोजी हॉर्नबी निवर्तले. बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला. पण पहिल्या महायुद्धानंतरची एखादी गंजकी पट्टी आणि त्या कारखान्यातली अखेरची पट्टी आजही एकमेकींवर ठेवून पाहावी; भोकाला भोक जुळते आणि बोल्ट आरपार जातो.