पाठराखा सोबती : जिम कॉर्बेट

शिकार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, मचाण आणि मेलेल्या वाघाशेजारी उभा असलेला शिकारी एवढेच चित्र उभे राहते. त्या शिकाऱ्याच्या पाठीशी कोण उभे होते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु दाट रानात, नरभक्षक जनावराच्या मागावर असता, मनुष्यास पुढे दोनच डोळे असतात. पाठीमागे एकही नसतो. पाठीची चिंता ज्याच्यावर निःशंकपणे सोपविता येते असा सोबती लाभणे हे अचूक नेम लाभण्याहूनही दुर्लभ होय. हे सत्य ज्याने आपल्या आयुष्यात पदोपदी अनुभविले, आणि जो स्वतःही सहस्रावधी निःशस्त्र लोकांचा असा सोबती झाला, त्या जिम कॉर्बेट यांचा वृत्तांत येथे थोडक्यात देत आहो.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी हिमालयाच्या कुशीतील नैनिताल येथे झाला. त्यांचे वडील तेथे पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे व मिळकत बेताची होती. उन्हाळा नैनितालास आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावी, असा या कुटुंबाचा क्रम असे. कालाढुंगीस घराचे आवार संपले की जंगल लागे, आणि त्या जंगलातच जिमचे खरे शिक्षण झाले. त्याचा पहिला रक्षक एक कुत्रा होता. जिम सहा वर्षांचा असता तो व त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला त्याचा भाऊ यांच्यावर एक चवताळलेली अस्वलीण धावून आली. त्या वेळी रॉबिन नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याने मध्ये पडून दोघांचे प्राण वाचविले. हे ऋण जिम कधीही विसरला नाही.

जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोच 1881 साली त्याचे वडील निवर्तले. थोरला भाऊ टॉम हाच मग त्याचा आदर्श झाला. टॉमने त्यास अस्वलाच्या शिकारीस नेले, हाती बंदूक दिली, एका अंधाऱ्या घळीच्या तोंडाशी एकट्यास बसविले आणि आपण दूरच्या जागी निघून गेला. वाऱ्याने वाळकी फांदी करकरली तरी त्या मुलाच्या छातीत धस्स होई. पण तो जागा सोडून उठला नाही. वरकरणी ही कठोरता वाटेल. परंतु लहान भावावर विश्वास टाकल्यावाचून तो विश्वासास पात्र होणार नाही, हे टॉम जाणत होता. आणि आपण येथेच आहोत असे भावाने गृहीत धरले असता तेथून हलावयाचे नाही, हा सोबतीपणाचा पहिला पाठ जिमला त्या घळीच्या काठी मिळाला.

दुसरा गुरू कुंवरसिंग. हा जवळच्याच एका खेड्याचा ठाकूर मुखिया. परंतु सरकारी रानात चोरून शिकार करण्यात त्याचा हात धरणारा त्या टापूत कोणी नव्हता. जिमपाशी त्या काळी एक जुनी ठासणीची दुनळी होती. तिची एक नळी फुटलेली, आणि लाकूड व नळ्या पितळी तारेने आवळून बांधलेल्या. ती बंदूक घेऊन रानात निघालेल्या मुलाची कुंवरसिंगाने थट्टा केली नाही. त्यास बरोबरीच्या पुरुषाप्रमाणे वागवून, रानात निर्भय हिंडावयाचे तर झाडावर चढावयास शीक, असे बजावले. आणि त्याचे कारण म्हणून आपला मित्र हरसिंग याची हकीकत सांगितली. दोघे मिळून शिकारीस गेले असता वाघाने हरसिंगास गाठले. झाडावर चढण्याची विद्या त्यास येत नव्हती. वाघाच्या पंजांनी त्याचे पोट फाटले व आतडी बाहेर आली. वाघ दूर होताच कुंवरसिंगाने ती आत सारली, आपल्या पागोट्याच्या कापडाने पोट घट्ट बांधले आणि मित्रास आधार देत कालाढुंगीच्या इस्पितळात आणून पोहोचविले. हरसिंग वाचला. जिमला या गोष्टीतून दोन गोष्टी उमगल्या. जो स्वतःचे रक्षण करावयास शिकत नाही, तो सोबत्यासही संकटात लोटतो. आणि खरा सोबती घायाळ मित्रास टाकून घरी परतत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी हाच कुंवरसिंग अफूच्या व्यसनाने मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा कॉर्बेट त्याच्या झोपडीत गेले, अफू सोडण्याची शपथ त्यास घ्यावयास लावली आणि त्यास त्या दशेतून उठविले. रानात जोडलेली सोबत रानाबाहेरही पाळावी लागते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

कॉर्बेट यांचा व्यवसाय शिकारीचा नव्हता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तरुणपणीच ते रेल्वेच्या चाकरीत शिरले आणि पुढे गंगेच्या काठी मोकामा घाट येथे मालाची चढउतार करण्याचा ठेका घेऊन त्यांनी सुमारे वीस वर्षे तेथे काढली. आरंभी रेल्वेकडून पैसे येण्यास महिनोगणती विलंब झाला. तेव्हा मजूर एक वेळ जेवून राहू लागले, आणि कॉर्बेटही एकच वेळ जेवू लागले. नरभक्षकांच्या पाठलागास ते जात ते या कामातून सवड काढून.

अशा पाठलागाचा पहिला प्रसंग 1907 साली आला. एका वाघिणीने नेपाळात सुमारे 200 माणसे मारली होती. तेथून हाकलली गेल्यावर ती कुमाऊंत शिरली आणि चंपावतच्या परिसरात तिच्या बळींची एकूण संख्या 436 झाली. लोक दिवसाउजेडीही दारे लावून घरात बसू लागले. सरकारने कॉर्बेट यांस पाचारण केले, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : वाघिणीवर लावलेले सर्व इनाम रद्द करावे, आणि तिच्या मागावर धाडलेले इतर शिकारी व शिपाई परत बोलवावे. इनामासाठी शिकार करणारा म्हणवून घेणे त्यांस रुचत नव्हते. शिवाय ज्याची नजर इनामावर असते तो झुडूप हलताच गोळी झाडतो, आणि त्या झुडपामागे वाघीण आहे की दुसरा शिकारी आहे हे पाहत नाही. लोभी सोबत्यापेक्षा एकटेपणा बरा, हा त्यांचा नियम होता.

तथापि चंपावतास ते एकटे राहिले नाहीत. तेथील तहसीलदाराने हाक्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे जमविली. विनापरवाना बंदुका घेऊन आले तरी काणाडोळा करू, असे त्याने सुचविल्यामुळे लपविलेल्या बंदुकाही बाहेर निघाल्या. नियोजित वेळी 298 माणसे डोंगराच्या धारेवर उभी राहिली. कॉर्बेट तहसीलदारासह समोरच्या बाजूस जाऊन इशारा करणार आणि मगच हाका सुरू व्हावयाचा, असे ठरले होते. परंतु वाटेत बूट चावू लागल्यामुळे तहसीलदार ते काढावयास खाली बसला. इशारा द्यावयाचा राहून गेला अशा समजुतीने वरच्या लोकांनी एकदम आरोळ्या ठोकल्या, बंदुका झाडल्या आणि दगड लोटले. कॉर्बेट आपल्या जागेपासून अजून दूर होते. ते धावत सुटले. वाघीण निसटून जाण्याच्या बेतात होती. इतक्यात त्याच तहसीलदाराने मागून आपल्या बंदुकीचे दोन्ही बार काढले आणि वाघीण वळून कॉर्बेट यांच्या बाजूस आली. कॉर्बेट यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा वाघीण जखमी झाली होती, पण मेली नव्हती. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक हिसकावून घेतली आणि परत वाघिणीसमोर येऊन उभे राहिले. त्या मोडकळीस आलेल्या बंदुकीनेच त्या प्रकरणाचा शेवट झाला.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की हा तहसीलदार काही कसलेला शिकारी नव्हता. बूट काढावयास बसून त्याने साऱ्या बेतावर पाणी फिरविले असते. परंतु तो पळाला नाही, आणि जे हत्यार हाती होते ते योग्य क्षणी वापरण्यास चुकला नाही. कॉर्बेट यांनीही पुढे हा वृत्तांत लिहिताना ते दोन बार वगळले नाहीत. पुढे नैनितालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांच्या हस्ते त्या तहसीलदारास एक बंदूक, आणि कॉर्बेट यांच्याबरोबर रानात गेलेल्या एका खेडुतास एक सुरी बक्षीस मिळाली. जी वाघीण कॉर्बेट यांनी मारली म्हणून जग सांगते, तिच्या शिकारीचे श्रेय असे वाटले गेले.

ती वाघीण तपासली तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. एक निम्मा तुटलेला, दुसरा मुळापासून गेलेला. कोण्या एकाच्या जुन्या गोळीची ती करणी होती. सुळे गेल्यामुळे स्वाभाविक सावज मारणे तिला अशक्य झाले होते. जखमी जनावरास तसेच सोडून जाणारा शिकारी केवळ जनावराचाच नव्हे, तर पुढे त्याच्या तोंडी पडणाऱ्या शेकडो माणसांचाही घात करतो, हे त्या मोडक्या सुळ्यांनी सिद्ध केले.

कॉर्बेट यांस बरोबरीचा सोबती मिळाला तो गढवालात. केदारनाथ व बदरीनाथ यांच्या यात्रामार्गावर रुद्रप्रयागच्या बिबळ्याने 1918 ते 1926 या आठ वर्षांत सरकारी गणनेप्रमाणे 125 माणसे मारली. दिवस मावळला की त्या मार्गावर चिटपाखरू फिरकत नसे. गढवालचे डेप्युटी कमिशनर इबटसन हे या मोहिमेत कॉर्बेट यांचे सहकारी झाले. एके रात्री दोघे मचाणावरून उतरून पेट्रोमॅक्सच्या उजेडात परत येत होते. वाटेत दिवा दगडावर आपटून निकामी झाला. चहूकडे काळोख, पायांखाली ओबडधोबड डोंगर, आणि काळोखात पाहणारे जनावर आसपास! चाचपडत ते कसेबसे एका घरापर्यंत पोहोचले. सकाळी पाहतात तो त्यांच्या पावलांच्या ठशांवर बिबळ्याच्या पंजांचे ठसे उमटलेले. अशा काळोखात ज्याच्या पावलांचा आवाज धीर देतो, तोच सोबती. पुढे गुलाबराई येथील आंब्याच्या झाडावर कॉर्बेट रात्रीमागून रात्र बसले, आणि अखेर 2 मे 1926 च्या रात्री त्यांनी त्या बिबळ्यास मारले. गोळी एकाची असली, तरी तीपूर्वीची महिनोगणतीची जागरणे दोघांनी वाटून घेतली होती.

तथापि कॉर्बेट यांस सर्वात प्रिय असलेला सोबती बोलू शकत नव्हता. तो त्यांनी 15 रुपयांस विकत घेतलेला स्पॅनिअल जातीचा कुत्रा. टोपलीतील पिलांत सर्वात अशक्त असलेल्या या पिलाचे मूळचे नाव पिंचा होते. बालपणीच्या रक्षकाची आठवण म्हणून कॉर्बेट यांनी ते बदलून रॉबिन असे ठेविले. जखमी बिबळ्याचा माग काढताना कुत्र्याचे नाक ते पाहते, जे माणसाच्या डोळ्यास दिसत नाही. रॉबिनने नाक वर करून वारा हुंगला की धोका कोठे आहे हे त्याचा धनी त्याच्या मुद्रेवरून ओळखी. त्याने मौन राखावयाचे व खरे तेच सांगावयाचे. धन्याने त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखवावयाचा नाही. या अलिखित करारावर दोघांचेही प्राण अवलंबून असत.

वय वाढले तसे कॉर्बेट यांचे मन बदलत गेले. ज्या रानाने आपणास सर्व काही दिले, त्या रानाची पाठ कोण राखणार, हा प्रश्न त्यांस सतावू लागला. एके काळी त्यांनीही हौसेखातर शिकार केली होती. आता बंदुकीपेक्षा छायाचित्राचा कॅमेरा त्यांस अधिक प्रिय झाला. माणसे मारणाऱ्या वाघासाठी मात्र, लोकांनी हाक मारली की ते जात. ठाक येथील वाघीण त्यांनी 1938 साली मारली तेव्हा त्यांचे वय 63 होते. 1936 साली हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊंच्या पायथ्याशी स्थापन झाले, त्यासाठी त्यांनी झटून प्रयत्न केला. 1944 साली त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक प्रसिद्ध होऊन जगभर गेले. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवादही आज आपणास उपलब्ध आहेत. 1947 साली ते भगिनी मॅगी हिच्यासह केनियात गेले आणि 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर लवकरच त्या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले. 1972 च्या कायद्याने आपल्या देशात वन्यप्राण्यांस संरक्षण मिळाले, आणि वाघाची शिकार आज गुन्हा आहे. म्हणून कॉर्बेट यांची बंदूक आपल्यापैकी कोणासही उचलावयाची नाही.

मग विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? नेमबाजी नव्हे, तर ते गुण, जे त्यांनी आपल्या सोबत्यांत पाहिले व स्वतः पाळले. नेमून दिलेली जागा न सोडणे, घायाळास टाकून न जाणे, इनामाचा लोभ न धरणे, खरे तेच सांगणे आणि यश वाटून घेणे. पवित्र शास्त्रातील दावीद व योनाथान यांची मैत्री आपण जाणतो. राजपुत्र असूनही योनाथानाने मित्राच्या उत्कर्षाचा हेवा केला नाही. असे सोबती आपणांस मिळावेत अशी प्रार्थना आपण सर्वच करतो. त्याआधी आपल्या शेजारच्या बाकावरील मुलाने निश्चिंतपणे आपल्याकडे पाठ करावी, इतके विश्वासपात्र आपण झालो आहोत काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारून पाहावे.